छोटी स्क्रीन माझी, मोठी सगळ्यांची

रमी खेळताना लक्ष द्या. हातातली पानं छातीशी धरलेली, टाकलेलं पान मात्र सगळ्यांसमोर उघडं. हे कुणाला शिकवावं लागत नाही. फोन आणि टॅब्लेट एकत्र वापरायचं अ‍ॅप डिझाइन करायचं असेल, तर सुरुवात इथूनच करावी.

2010 मध्ये आयपॅड आला आणि त्याच वर्षी 'स्क्रॅबल'ने हे करून दाखवलं. टेबलावरचा आयपॅड म्हणजे बोर्ड. प्रत्येकाच्या हातातला आयफोन म्हणजे आपापल्या अक्षरांची पट्टी, त्यासाठी 'टाइल रॅक' नावाचं वेगळं अ‍ॅप. फोनवरचं अक्षर बोटाने ढकललं की थेट बोर्डावर! शेजारच्याला तुमची अक्षरं दिसत नाहीत, खेळ मात्र सगळ्यांना दिसतो.

कल्पना तशी त्याहून जुनी. झेरॉक्सच्या 'पार्क' प्रयोगशाळेतल्या मार्क वायझर यांनी 1991 च्या लेखात इंचभर 'टॅब', फूटभर 'पॅड' आणि फळ्याएवढा 'बोर्ड' अशी विभागणी केली होती. एका खोलीत शंभरावर टॅब, दहा-वीस पॅड आणि एखाद-दोन बोर्ड असतील, असं त्यांचं चित्र होतं. म्हणजे एक माणूस, एक स्क्रीन हा हिशेब त्यांनी तेव्हाच मोडीत काढला होता.

आपल्याकडे डिझाइन शिकणारी मुलं मात्र 'रिस्पॉन्सिव्ह' या शब्दावर थांबतात. फोनवरचं पान ताणून टॅब्लेटवर बसवलं की काम झालं! पण ती एकच स्क्रीन दोन मापांत शिवलेली असते. दोन स्क्रीन एकाच वेळी चालू असतील तर प्रश्न मापाचा राहत नाही. कोणती स्क्रीन कोण बघतंय, हे ठरवावं लागतं. वर्गात सगळ्यांसमोर ठेवलेल्या टॅब्लेटवर कुणाचा ओटीपी किंवा घरचा मेसेज झळकला, तर ती चूक वापरणाऱ्याची नाही, डिझायनरची.

दुसरी अडचण नजरेची. निन्टेंडोचा 'वी यू' 2012 मध्ये आला. हातातल्या गेमपॅडवर एक स्क्रीन, समोर टीव्ही. आधीचा 'वी' 10 कोटींच्या वर खपला, हा दीड कोटींपर्यंतही पोचला नाही. कारणं बरीच होती, पण सारखी मान खाली-वर करायला लावणारे खेळ थकवतात, हे खरंच. माणूस एका वेळी एकाच ठिकाणी बघतो. म्हणून नजर कुठे न्यायची, याची खूण हवी: फोनचं हलकं व्हायब्रेशन, टॅब्लेटवरचा आवाज.

जोडणी तर सोपीच हवी. 2015 मध्ये व्हॉट्सअ‍ॅप वेब आलं ते क्यूआर कोड स्कॅन करून. ना पासवर्ड, ना केबल.

हे सगळं तपासायला कोडिंग लागत नाही. टेबलाच्या मध्ये एक मोठा कागद, चौघांच्या हातात चिठ्ठ्या, आणि खेळ सुरू. मध्येच एकाची चिठ्ठी काढून घ्या आणि म्हणा, याच्या फोनची बॅटरी संपली. आता डाव थांबणार, की बाकीचे तिघं खेळत राहणार?