उडालेले गॅस्केट आणि खर्चाची वही

गेल्या मे महिन्यात मालेगावहून परत येताना साक्रीच्या पुढे आमच्या जुन्या मारुती ८०० चा काटा लाल रेषेला भिडला. दुपारची वेळ, गाडीत अम्मी आणि दोन लहान मुले. "घर जवळच आहे, हळूहळू जाऊ," असे मी म्हणालो. हीच माझी चूक. तिथेच सावलीत थांबलो असतो, तर कदाचित एका फाटलेल्या होज पाइपावर भागले असते. कोरीटला पोहोचेपर्यंत सायलेन्सरमधून पांढरा धूर येत होता आणि डिपस्टिकवरचे ऑइल दुधाच्या चहासारखे झाले होते.

हेड गॅस्केट म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामधला पातळ पत्रा. जळणाऱ्या पेट्रोलचा दाब, पाणी आणि ऑइल या तिघांना तो वेगळे ठेवतो. बहुतेक जुन्या छोट्या गाड्यांत ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचे असते. अॅल्युमिनियम बिडापेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावते. इंजिन अती तापले की हेड वाकते आणि गॅस्केट उडते.

गॅरेजवाल्याने साडेअकरा हजार सांगितले. त्याच संध्याकाळी एक गाडी-दलाल घरी आला. "रेडिएटरमध्ये गळती बंद करायची बाटली ओता, ऑइल बदला. महिनाभर काही कळणार नाही. चांगल्या भावात विकून देतो." खोटे कशाला सांगू, मला मोह झाला. अब्बा एवढेच म्हणाले, "ओल्या धान्याची हदीस आठवते का?" मदिनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तर आतून ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण दिले. मग ओले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. दलाल चहा पिऊन गेला.

मग आम्हीच काम काढले. बॅटरी सोडली, थंड इंजिनमधून पाणी आणि ऑइल काढले. (गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका, वाफेने चेहरा भाजतो.) धाकट्या बहिणीने पुठ्ठ्यावर इंजिनचे चित्र काढले आणि निघालेला प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी टोचला. मोबाइलवरच्या फोटोंपेक्षा तो पुठ्ठा जास्त उपयोगी पडला. टायमिंग बेल्ट काढण्याआधी खुणा जुळवून घेतल्या. हेडचे बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे करत ढिले केले. बसवताना क्रम उलटा, म्हणजे मधून बाहेर, तीन टप्प्यांत आणि टॉर्क पान्यानेच. किती घट्ट करायचे, हे गाडीच्या दुरुस्ती-पुस्तकात पाहावे, अंदाज नको.

खरी परीक्षा मात्र हेडच्या सपाटीची. त्यावर सरळ पट्टी ठेवून खालची फट फीलर गेजने मोजतात. या गाडीला ०.०५ मिमीपर्यंत चालते; आमची फट त्याहून जास्त होती. हे न पाहता नवे गॅस्केट बसवले असते, तर तेही थोड्याच दिवसांत उडाले असते. नंदुरबारच्या लेथवाल्याने हेडला तडा नाही ना, हे तपासून फेसिंग करून दिले. ब्लॉकचा पृष्ठभाग मी प्लास्टिकच्या पट्टीने खरवडला. बोल्टच्या भोकांत पाणी उरले, तर बोल्ट घट्ट करताना ब्लॉक फुटू शकतो, म्हणून ती कापडाने कोरडी केली.

वहीतला हिशेब असा: गॅस्केट सेट ११००, फेसिंग ७००, टायमिंग बेल्ट ४५०, थर्मोस्टॅट ३५०, कूलंट ३५०, रेडिएटरचे झाकण १५०, होज पाइप १८०. ऑइल आणि फिल्टर १९००, कारण आत उरलेल्या पाण्यामुळे थोडी गाडी चालवून ऑइल पुन्हा बदलावे लागते. एकूण ५१८० रुपये. टॉर्क पाना २२०० चा, म्हणजे ७३८०. चार दिवसांची माझी मजुरी यात नाही. हेडला तडा असता, तर सगळेच गणित फिरले असते. आणि वॉरंटीतल्या नव्या गाडीला घरी हात लावू नये. कित्येक नव्या इंजिनांत हेडचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, तोही खर्च धरावा.

चौथ्या दिवशी असरनंतर गाडी सुरू झाली. कूलिंगमधली हवा निघेपर्यंत काट्यावरून नजर हटली नाही. काटा मध्यावर थांबला तेव्हा अम्मीने सगळ्यांसाठी शेवया केल्या.

दिवाळीच्या सुमारास शेजारच्या गावचा एक शेतकरी गाडी बघायला आला. भाव ठरण्याआधीच अब्बांनी खिळ्याला टांगलेले जुने गॅस्केट काढून त्याच्या हातात दिले आणि सगळे सांगितले. त्याने चार हजार कमी केले. मी काही बोलणार, तेवढ्यात अब्बा "ठीक आहे" म्हणाले. दुसऱ्या दिवशी तो रोख पैसे घेऊन आला आणि जाताना ते गॅस्केटही मागून घेऊन गेला, गावातल्या मेकॅनिकला दाखवायला.