लस कुणाला हुसकावते, औषध कुणाला पोसतं

रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुठल्याही उपकेंद्रात लसीकरणाच्या दिवशी बाळाच्या कार्डावर ‘पीसीव्ही’च्या चौकोनात तारीख पडते. दीड महिन्याला पहिला डोस, साडेतीन महिन्यांना दुसरा, नऊ महिन्यांना गोवराच्या लसीबरोबर बूस्टर. खासगी दवाखान्यात हजारो रुपये मोजून मिळणारी ही लस 2021 सालापासून देशभर सरकारी कार्यक्रमातून फुकट मिळू लागली. न्यूमोनिया आणि मेंदूज्वरासारखे जिवावर बेतणारे आजार करणाऱ्या न्यूमोकॉकस या जिवाणूपासून ती बाळाला जपते.

तिच्याबद्दल एक शंका हमखास निघते: लस टोचल्यावर उरलेले जिवाणू औषधांना दाद देईनासे होतात का? शंका बिनबुडाची नाही. तिला नीट उत्तर मिळायला हवं.

न्यूमोकॉकसचे शंभराच्या आसपास प्रकार आहेत. प्रत्येकाभोवती साखरेच्या रेणूंचं कवच असतं आणि कवच बदललं की प्रकार बदलतो. दोन वर्षांखालच्या बाळाचं शरीर ही साखर धड ओळखत नाही, म्हणून लसीत ती एका प्रथिनाला जोडून देतात. धडधाकट मुलांच्या नाकघशातही हा जिवाणू सुखाने राहतो आणि शिंका-खोकल्यातून पसरतो. गणपतीत मुंबईहून चाकरमानी येतात, एका माजघरात चार घरची पोरं दाटीवाटीने झोपतात, तेव्हा त्याला मुंबई ते राजापूर प्रवासाची आयतीच सोय होते. घशातल्या शेजारी जिवाणूंच्या डीएनएचे तुकडे उचलून आपलेसे करण्याची कलाही त्याच्यात आहे. फ्रेडरिक ग्रिफिथ यांना 1928 साली याच जिवाणूच्या प्रयोगांत गुणधर्म एकाकडून दुसऱ्याकडे जाताना दिसले होते. पेनिसिलिनला चकवण्याची युक्ती त्याने अशीच उचलेगिरीतून मिळवली.

अमेरिकेत 2000 साली सात प्रकारांविरुद्धची लस आली. पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या न्यूमोकॉकसमुळे होणारे गंभीर आजार 1999 ते 2004 या काळात 57 टक्क्यांनी घटले, कारण चिवट जिवाणू बहुतांशी त्या सातांतलेच होते. मात्र भातखाचरातलं एक तण उपटलं की मोकळ्या जागेत दुसरं माजतं, तसा 19ए हा लसीबाहेरचा प्रकार पसरला. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये कानाच्या संसर्गाच्या नऊ मुलांमध्ये त्याचा असा वाण सापडला, की मुलांच्या कानदुखीसाठी तिथे मान्यता असलेलं एकही अँटिबायोटिक त्याला चालेना. हे 2007 साली छापून आलं आणि लसीकडे बोट दाखवणाऱ्यांना पुरावा मिळाल्यासारखं झालं.

त्यांनी दक्षिण कोरियाकडेही पाहायला हवं होतं. तिथे लस यायच्या आधीच 19ए वाढू लागला होता. अँटिबायोटिकचा वापर मात्र तिथे भरमसाट होता. माझ्या मते सगळ्या वादाचं उत्तर यात आहे. लस काही प्रकारांना नाकघशातून हुसकावते. मोकळ्या जागेत कोण माजणार, हे ठरवण्यात आपण मुलांना पाजतो त्या औषधांचा हात मोठा. 2010 साली अमेरिकेत 19ए धरून तेरा प्रकारांची लस आली आणि 19एचे आजार झपाट्याने उतरले. मग 35बी नावाचा, पेनिसिलिनला कमी जुमानणारा प्रकार डोकं वर काढू लागला. अँटिबायोटिकचा मारा थांबत नाही तोवर हा पाठलाग संपणारा नाही.

म्हणून औषधाला शत्रू ठरवायचं असं मुळीच नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच कार्यकर्त्यांना न्यूमोनिया ओळखायला शिकवलं, त्यांच्या हाती को-ट्रायमॉक्साझोल दिलं आणि बालमृत्यू खाली आणले. 1990 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला तो अभ्यास महाराष्ट्राने अभिमानाने सांगावा असा आहे. आज भारतातल्या न्यूमोकॉकसचा मोठा हिस्सा त्याच को-ट्रायमॉक्साझोलला दाद देत नाही आणि न्यूमोनियासाठी अमॉक्सिसिलिनला पहिली पसंती आहे. तेही असंच हातचं गेलं तर?

ते कसं जातं, हे घराघरांत दिसतं. अमॉक्सिसिलिनच्या बाटलीत कोरडी पूड असते. उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं, हलवायचं, डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पाजायचं आणि उरलेलं आठवड्याने टाकून द्यायचं. ताप उतरला की तिसऱ्या दिवशी बाटली फ्रिजच्या दारात जाते आणि पुढच्या सर्दीला बाहेर येते. सर्दी विषाणूंची, तिच्यावर या औषधाचा काडीचा उपयोग नाही. नाकघशातले साधे न्यूमोकॉकस तेवढे मरतात आणि चिवटांना रान मोकळं होतं. सेफिक्झिमसारख्या औषधांसाठी दुकानदाराने डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वहीत लिहायचं, वही तीन वर्षं जपायची, असा नियम 2014 पासून आहे. फ्रिजच्या दारातल्या बाटलीला कुठली वही?

इथे लसीचं दुसरं काम लक्षात घ्यायला हवं. आजारच झाला नाही तर औषधही पाजावं लागत नाही. 2020 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अंदाजानुसार गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत ही लस पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये अँटिबायोटिक द्यावं लागणारी सुमारे 2.38 कोटी आजारपणं दरवर्षी टाळते. रोटाव्हायरसच्या लसीने टळणारी 1.36 कोटी वेगळी.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने दहा प्रकारांची ‘न्यूमोसिल’ 28 डिसेंबर 2020 रोजी देशात आणली, तेव्हा 19एचा जगाला आलेला अनुभव समोर होता. भारताच्या कार्यक्रमात आधी आलेली तेरा प्रकारांची लस असो की पुण्याची दहांची, 19ए दोन्हींत आहे.

आपल्याकडे मला जास्त घोर लागतो तो बूस्टरचा. नाकघशातला मुक्काम हलवायला तो फार मोलाचा. पहिलटकरीण माहेरी कोकणात येते, पहिले दोन डोस इथे होतात आणि बाळ सहा-सात महिन्यांचं झालं की मायलेकरं नालासोपारा नाहीतर दिव्याला परततात. कार्ड माहेरच्या कपाटात राहतं आणि नवव्या महिन्याची तारीख हुकते. ते बरोबर नेलं, तर हाच डोस मुंबईकडच्या पालिकेच्या दवाखान्यातही फुकट मिळतो. तारीख उलटून गेली असली, तरी लवकरात लवकर नर्सताईंना कार्ड दाखवून तो मागून घ्यावा.