पट्टे वाचण्याचे काम

सरगूरहून थोडे पुढे गेले की कबिनी धरणाचा फुगवटा लागतो. पाण्याच्या एका अंगाला नागरहोळेचे जंगल, दुसऱ्या अंगाला बंदीपूरचे. इथल्या जंगलवाटांवर वाघ मोजण्यासाठी कॅमेरा ट्रॅप लावतात. ते काम मी जवळून पाहिले.

वाटेच्या दोन्ही कडांना, गुडघ्याच्या उंचीवर कॅमेरे बांधतात. समोरासमोर, पण किंचित तिरके. नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या भिंगात शिरतो. पुढचे गवत छाटतात, कारण उन्हात तापलेले पाते हलले तरी सेन्सर जागा होतो. मग एकजण हातापायांवर रांगत कॅमेऱ्यांपुढून जातो. दोन्हींनी त्याला टिपले की जोडी पक्की. जोडी लागतेच, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात.

खरा कस संगणकापुढे लागतो. सॉफ्टवेअर जुळते फोटो सुचवते, निवाडा डोळ्याने करायचा. कुठला पट्टा दुभंगला, कुठे दोन पट्टे मिळून कडे झाले, हे खांद्यापासून शेपटीपर्यंत पाहत जायचे. अंग वळले की पट्टे ताणलेले दिसतात, म्हणून एकाच खुणेवर विसंबत नाहीत. उल्हास कारंत यांनी 1990च्या दशकात नागरहोळेत ही पद्धत रुजवली. 2022च्या गणनेत कर्नाटकात 563 वाघांचा अंदाज निघाला, तोही याच मार्गाने.

ते फोटो पाहताना, वाघही एक दिवस संपला तर, या विचाराने नामशेष झालेले निम्रॅव्हिड मनात येत राहिले. सुमारे 4 कोटी वर्षांपूर्वीपासून उत्तर अमेरिकेत आणि युरेशियात वावरलेले हे शिकारी. देह मांजराचा, अनेकांचे सुळे सुरीसारखे लांब, तरी ते मांजरकुळातले नव्हेत. कवटीतल्या कानाच्या हाडाची घडण वेगळी. त्यांच्या अंगावर पट्टे होते की ठिपके, हे हाडांवरून कळत नाही.

उत्तर अमेरिकेतून ते सुमारे 2 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर तिथे सत्तरेक लाख वर्षे मांजरासारखा शिकारीच नव्हता. पुढे आशियातून खरी मांजरे पोचली. लांब सुळे त्यांच्यातही उगवले: अमेरिकेत स्मायलोडॉन, आपल्या शिवालिकात मेगांटेरॉन. तेही संपले. सुळ्यांचा घाट परत आला, गेलेला वंश कधीच आला नाही.

निसर्ग रिकामी जागा भरतो, पण लाखो वर्षांनी. आपली मानवजातच जेमतेम 3 लाख वर्षांची. वाघ गेला तर त्याच्या जागी येणारे जनावर पाहायला आपण नसू. म्हणून आज असलेला प्रत्येक वाघ नीट ओळखणे, त्याची नोंद ठेवणे आणि त्याचे रान राखणे, हेच आपल्या हातातले काम आहे.