निबंध फक्त पास होण्यापुरता नसतो



पोरीने बारावीत ऐंशी टक्के घेतले की आपण वस्तीभर पेढे वाटतो. पण कॉलेजात जाऊन तिने स्वतःच्या डोक्याने काही शोधून काढले, तर त्याचाही सन्मान होतो, हे आपल्या पुष्कळ घरांना ठाऊक नसते.

महाराष्ट्रातील विद्यापीठांत २००६ पासून ‘आविष्कार’ हे संशोधन संमेलन भरते. भाषा, वाणिज्य, विधी, विज्ञान, शेती, अभियांत्रिकी, औषधनिर्माण अशा शाखांची वेगवेगळी दालने असतात. पदवीच्या मुलांचा गटही वेगळा असतो, पीएच.डी.वाल्यांशी त्यांची झुंज नसते. विद्यार्थी आपले काम पोस्टरवर मांडतो, परीक्षक समोर उभे राहून प्रश्न विचारतात. उसनवारीचा निबंध तिथे दोन प्रश्नांत उघडा पडतो! आपल्या जिल्ह्यातील कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालये अमरावती विद्यापीठाची. तिथे निवडलेली मुले पुढे राज्य पातळीवर जातात.

विद्यार्थ्याच्या निबंधाला कमी लेखू नये. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवरचा निबंध वाचला, तेव्हा ते २५ वर्षांचे विद्यार्थीच होते. पुढच्याच वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला.

आता आमच्या वस्तीतली गोष्ट. बी.कॉम.ला असलेल्या एका मुलीने कापूस वेचणाऱ्या बायांची मजुरी, उचल आणि किराणा दुकानातली उधारी असा हिशेब वहीत मांडला. तिची आई स्वतः वेचणीला जाते, त्यामुळे बायांनी तिला खरे आकडे सांगितले. बाहेरच्या साहेबाला ते मिळाले नसते. वही मी वाचली. बी.कॉम. मीही केले, पण माझ्या प्रोजेक्टमध्ये इतका जीव नव्हता. तो मी मागच्या वर्षीच्या मुलाचा पाहून उतरवला होता, खोटे कशाला बोलू? तिच्या कॉलेजात ‘आविष्कार’ची नोटीस लागली ती शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी. पोस्टर छापायला पैसे नव्हते, वही घरीच राहिली.

आपल्या यवतमाळात विषयांना तोटा नाही. २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले. मास्क, हातमोजे का वापरले जात नाहीत, हे रसायनशास्त्राचा विद्यार्थी मजुरांना विचारू शकतो. कोलामी बोलीतले शब्द भाषेच्या विद्यार्थ्याने गोळा करावेत. कापूस वाहण्यासाठी आलेली आणि आता बंद पडलेली शकुंतला रेल्वे वाणिज्याचा विषय होऊ शकते.

पालकांनो, संमेलन साधारण हिवाळ्यात असते. दिवाळीपूर्वीच मुलांना शिक्षकांकडे चौकशी करायला लावा. नोटीस लागायची वाट पाहू नका. त्या मुलीचे अजून एक वर्ष बाकी आहे. तिची वही सध्या माझ्याकडे आहे. ऑफिस सुटल्यावर रोज दोन पाने टाईप करतो. पोस्टरचा खर्च वस्तीतल्या चार नोकरदारांनी वाटून घ्यायचे ठरले आहे.