रोजच्या वापराचा स्वेटर : किंमत आणि हिशेब

मार्गशीर्ष लागला की आमच्या घरी एक प्रश्न दरवर्षी निघतो. पहाटे दुकान उघडणारे चिरंजीव, शाळेत जाणारी नातवंडे आणि दुकानातील मुले, असे मिळून सात-आठ स्वेटर घ्यावयाचे असतात. सौभाग्यवतींनी बाजूला काढलेली रक्कम मात्र ठरलेली असते. बँकेत आयुष्यभर कर्जप्रकरणे तपासली, परंतु स्वेटरची पारख मला निवृत्तीनंतरच आली.

व्यापारी माणूस खरेदीचा भाव पाहतो. येथे भावाला हिवाळ्यांनी भागावे. 350 रुपयांचा स्वेटर एकाच हंगामात सैल पडला आणि 800 रुपयांचा चार हंगाम टिकला, तर दुसरा वर्षाला 200 रुपयांस पडतो. मात्र अस्सल लोकरीचाच हट्ट धरण्याचे कारण नाही. निफाडकडची थंडी सोडली, तर आपल्याकडे स्वेटर सकाळ-संध्याकाळच लागतो. त्यासाठी अॅक्रिलिक पुरते. ते आटत नाही, त्याला कसर लागत नाही आणि मुलांचे कपडे रोज धुता येतात. उलट लोकर नाजूक. माझा एक चांगला स्वेटर मीच गरम पाण्यात यंत्राला लावला; तो आता धाकट्या नातवाला बेताचा होतो!

आतल्या शिवणीतील पट्टी अवश्य वाचावी. ‘लोकरमिश्रित’ या शब्दावर जाऊ नये, शेकडा प्रमाण पाहावे. कधी कधी त्यात लोकर नावापुरतीच असते. मग स्वेटर उलटा करून बगलेची शिवण पाहावी. मनगटाची पट्टी ताणून सोडावी. ती लगेच पूर्ववत न झाल्यास तो ठेवून द्यावा. तळहाताने दहा-बारा वेळा घासल्यावर तंतू सुटू लागले, तर महिन्याभरात त्यावर गोळे येणारच.

हिवाळ्यात अनेक शहरांत तिबेटी विक्रेत्यांचा बाजार भरतो. त्यांचा बराच माल लुधियानाचा असतो आणि पुष्कळदा हंगामापूर्वी उधारीवर उचललेला असतो. जानेवारीच्या अखेरीस माल मोकळा करून देणी भागवावयाची असल्याने तेव्हा भाव उतरतात. मोठ्यांचे स्वेटर तेव्हाच पुढील वर्षासाठी घ्यावेत. मुलांचे घेऊ नयेत, ती वर्षभरात किती वाढतील याचा अंदाज कोणालाच येत नाही.

एका खरेदीबद्दल मात्र मला अजून खंत वाटते. दोन वर्षांपूर्वी स्वयंपाकाच्या मावशींसाठी आम्ही बाजारातील सर्वांत स्वस्त, सैल बाह्यांचा अॅक्रिलिक स्वेटर आणला. एके सकाळी गॅसजवळ बाहीला झळ लागली. सुती कापड जळून राख होते. हे वितळते आणि त्वचेला चिकटते. मावशींच्या मनगटावर रुपयाएवढा डाग कायमचा राहिला. काडीपेटीची परीक्षा मी त्यानंतर शिकलो. घरी सुटा धागा चिमट्यात धरून ताटलीवर पेटवावा. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, ज्योत काढताच ती विझते आणि राख बोटांनी चुरडते. अॅक्रिलिक वितळून त्याची कडक काळी गोळी होते.

यंदाच्या यादीत मावशींचा स्वेटर पहिला आहे : लोकरीचा, अर्ध्या बाह्यांचा. रक्कम तेवढीच असल्यामुळे माझा नवा स्वेटर पुढील वर्षावर गेला. जुन्याची कोपरे सौभाग्यवतींनी रफू करून दिली आहेत.