आर्थर राजा, टाइम मॅप आणि मासवणचा भाचा

जादूगार, उडता किल्ला, बाराव्या शतकात अडकलेली टीनएजर गँग आणि या सगळ्यामागे आपल्या मुंबईतली टीम! ‘विझर्ड्स’ बघितली नसेल, तर येत्या वीकेंडचा प्लॅन तयार आहे...

‘कार्टून? ते तर पोरांचं!’ असं म्हणणारा एक तरी महाभाग प्रत्येक ऑफिसात असतो. त्याला लंच टाइमला एकच प्रश्न विचारा. समजा तुझ्या हातात भूतकाळात नेणारा नकाशा आला, तर तू कुठल्या वर्षात जाशील? साहेब दोन मिनिटं गप्प होतात, मग कुणी पहिल्या इंटरव्ह्यूचा दिवस सांगतो, कुणी बारावीचा गणिताचा पेपर. आणि ग्रुपमध्ये एखादा जरी इतिहासवेडा असला, तर गाडी थेट पानिपतावर जाते.

‘विझर्ड्स: टेल्स ऑफ आर्केडिया’चा फंडा नेमका हाच आहे. ७ ऑगस्ट २०२०ला नेटफ्लिक्सवर आलेली ही दहा भागांची अ‍ॅनिमेशन मालिका. निर्माता गिलेर्मो देल तोरो, म्हणजे ‘पॅन्स लॅबिरिंथ’ आणि ‘द शेप ऑफ वॉटर’वाला. राक्षसांवर इतकं मनापासून प्रेम करणारा दुसरा दिग्दर्शक शोधून सापडायचा नाही. हीरो आहे डूक्सी. जादूगार मर्लिनकडे नऊशे वर्षं उमेदवारी करतोय, पण अजून ‘कन्फर्म’ झालेला नाही! (प्रोबेशनवर असलेल्यांनी हे वाक्य बॉसला जरूर ऐकवावं.) त्याच्यासोबत आर्ची नावाचं मांजर आहे, जे मूड आला की ड्रॅगन होतं. त्याला आवाज आल्फ्रेड मोलिनाचा, तोच ‘स्पायडर-मॅन’मधला डॉक ऑक.

गोष्ट सुरू होते आजच्या अमेरिकेतल्या एका गावात. आर्थर राजाचा कॅमलॉट किल्ला त्या गावावर चक्क हवेत तरंगत येतो. हल्ला होतो, टाइम मॅपची गडबड होते आणि डूक्सी, क्लेअर, स्टीव्ह आणि अर्धा ट्रोल झालेला जिम, सगळे थेट बाराव्या शतकात जाऊन आदळतात. तिथे मर्लिन तरुण नाही, पण जिवंत आणि चिडका आहे. आर्थर गादीवर आहे. त्याची बहीण मॉर्गना अजून खलनायिका झालेली नाही. आणि इथे ‘बॅक टू द फ्युचर’वाला सनातन नियम लागू पडतो, की काहीही ढवळायचं नाही. अर्थातच पोरं सगळं ढवळतात.

मर्लिन मुंबईकर?

आर्थर आणि टाइम ट्रॅव्हल ही जोडी देल तोरोनं जमवलेली नाही, ती सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. १८८९ साली मार्क ट्वेननं ‘अ कनेटिकट यांकी इन किंग आर्थर्स कोर्ट’ लिहिली. हीरो हँक मॉर्गन हा शस्त्रांच्या कारखान्यातला सुपरवायझर. भांडणात डोक्यात पहार बसते आणि शुद्धीवर येतो तो इ.स. ५२८मध्ये. सूर्यग्रहण कधी होणार हे त्याला माहीत असतं, त्या जोरावर तो जीव वाचवतो. मग हा पठ्ठ्या सहाव्या शतकात शाळा, कारखाने, वर्तमानपत्र, टेलिफोन, सगळं उभं करतो. शेवट मात्र भयानक आहे. विजेची कुंपणं आणि मशीनगन लावून तो हजारो सरदारांना मारतो. लहान मुलांच्या आवृत्त्यांमधून हा भाग हळूच गाळतात. पुढे कार्टूनवाल्यांनी ही आयडिया मनसोक्त वापरली. १९७८ मध्ये चक जोन्सनं बग्ज बनीलाच आर्थरच्या दरबारात धाडलं. १९९२ मध्ये ‘किंग आर्थर अँड द नाइट्स ऑफ जस्टिस’मध्ये तर अख्खी अमेरिकन फुटबॉलची टीम कॅमलॉटला गेली. कॅप्टनचं नाव? आर्थर किंग! लेखकाला त्या दिवशी लवकर घरी जायचं असावं.

पण आपल्यासाठी खरी न्यूज पुढे आहे. डिस्नेचा १९६३चा ‘द स्वोर्ड इन द स्टोन’ आठवतो? दगडातली तलवार उपसणारा किडकिडीत पोरगा आणि विसराळू मर्लिन? तो ज्या कादंबरीवरून केला, तिचा लेखक टी. एच. व्हाइट याचा जन्म २९ मे १९०६चा, आणि गाव मुंबई! या व्हाइटचा मर्लिन काळात उलटा जगतो. उद्या त्याला आठवतो, काल मात्र अजून यायचाय. त्यामुळे त्याला रेल्वे माहीत असते, पण समोरच्या माणसाला आपण आधी भेटलोय का, हे माहीत नसतं. जगातल्या लाडक्या टाइम-ट्रॅव्हलर जादूगाराचा बाप आपल्या शहरात जन्मला होता, आणि शहरात कुणाला पत्ताच नाही.

राजा व्हिलन कसा?

‘विझर्ड्स’ मी पहिल्यांदा सलग बघितली ती मासवणला. पालघर स्टेशनला उतरायचं, मनोर रोडनं वाघोबा खिंड ओलांडायची, की सूर्या नदीकाठी हे गाव लागतं. वसई-विरारच्या नळाला जे सूर्येचं पाणी येतं, त्यातलं काही इथल्याच पंपिंग स्टेशनातून. माझा एक मित्र इथला. तारापूर एमआयडीसीत शिफ्ट करतो, त्यामुळे हँक मॉर्गनची गोष्ट ऐकून तो जाम खूश झाला. ‘आमच्या प्लँटमधला कुणी गेला, तर पहिलं काम म्हणजे सेफ्टी शूज मागेल,’ हे त्याचं मत.

सोबत त्याचा भाचा होता, वय वर्षं अकरा. पोरगा एकदम सॉलिड ड्रॉइंग काढतो. आर्ची त्यानं पाच मिनिटांत वहीच्या मागच्या पानावर उतरवला होता. शेवटच्या काही भागांत (स्पॉयलर! ज्यांना नको त्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारा) हिरवं चिलखत घातलेला तो भयंकर ग्रीन नाइट मुखवटा काढतो आणि आत निघतो खुद्द आर्थर. ट्रोल आणि जादू यांचा द्वेष करता करता राजाच राक्षस होऊन बसलेला. भाच्यानं लॅपटॉप थांबवला आणि विचारलं, ‘मामा, राजा व्हिलन कसा असेल?’

मामाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही पटकन नव्हतं.

नंतर विचार केला तर वाटलं, इंग्रजांना हे परवडतं, कारण त्यांचा आर्थर बहुधा झालाच नव्हता. असला तरी त्याचा भक्कम पुरावा नाही. त्याची पहिली सविस्तर कहाणी मॉन्मथच्या जेफ्रीनं लिहिली ती ११३६च्या सुमारास, म्हणजे राजाच्या कथित काळानंतर सहाएकशे वर्षांनी. दगडातली तलवार तर त्याच्याही नंतर, १२००च्या आसपास कथेत घुसली. ज्याला जे हवं ते त्यानं आर्थरमध्ये भरलं. कुणाला संत हवा होता, कुणाला फसलेला नवरा, आणि देल तोरोच्या टीमला परक्यांना घाबरणारा बादशहा. आपल्याकडचे राजे असे धुक्यातले नाहीत. त्यांची पत्रं आहेत, दफ्तरं आहेत, त्यांच्यावर जीव टाकणारी माणसं आहेत. म्हणून आपल्याकडे टाइम ट्रॅव्हल बहुतेक उलटी होते. आपण राजांकडे जात नाही, राजे आपल्याकडे येतात. २००९च्या ‘मी शिवाजीराजे भोसले बोलतोय!’मध्ये महाराज आजच्या मुंबईत येतात आणि रडणाऱ्या दिनकर भोसल्याला खडसावतात. आपण मान खाली घालून ऐकतो. राजांना प्रश्न विचारायची आपली प्राज्ञा नसते.

तसा आपल्याकडे टाइम ट्रॅव्हलचा दुष्काळ मुळीच नाही. भागवतातला ककुद्मी राजा आठवा. मुलगी रेवती हिच्यासाठी कोणता वर बघू, हे विचारायला तो ब्रह्मदेवाकडे गेला. तिथे गाणं चालू होतं, म्हणून जरा थांबला. गाणं संपलं तेव्हा पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटून गेली होती! मनातले सगळे वर वारले, त्यांचे पणतूही वारले. शेवटी रेवतीचं लग्न बलरामाशी झालं. (तरीही आपल्या आया ‘अजून थोडं थांबूया’ म्हटलं की का चिडतात, ते कळलं ना?) यावर एक झकास अ‍ॅनिमेशन फिल्म का होऊ नये?

८८ भाग, ८८ पिक्चर्स

होऊ शकते, कारण करणारे हात इथेच आहेत. ‘विझर्ड्स’ ही आर्केडिया मालिकांमधली तिसरी. आधी ‘ट्रोलहंटर्स’ (२०१६, ५२ भाग), मग ‘३बिलो’ (२०१८, २६ भाग). या आर्केडियाच्या दुनियेवर तैवानच्या सीजीसीजीबरोबरच मुंबईच्या ‘८८ पिक्चर्स’ या स्टुडिओनं काम केलंय. संस्थापक मिलिंद शिंदे. आता गंमत बघा, ५२ अधिक २६ अधिक विझर्ड्सचे १० किती? बरोबर. योगायोगच, पण सही योगायोग!

अशा कामात गोष्ट, डिझाइन आणि आवाज बहुतेक अमेरिकेत ठरतात. मग पात्रांची हालचाल, प्रकाश, धूर, केसांचं भुरभुरणं हे सगळं फ्रेम बाय फ्रेम इथली पोरंपोरी करतात. भाच्याला हे सांगितलं तर त्याचे डोळे बशीएवढे झाले. ‘म्हणजे हे मुंबईत काढलं?’ त्याच्या मामाचे डोळे मात्र वेगळ्या कारणानं बारीक झाले. ‘पगार किती? पर्मनंट करतात का?’

प्रश्न रास्त आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये टेक्निकलर हा जगातला बलाढ्य ग्रुप जवळजवळ एका रात्रीत कोसळला. एमपीसी, द मिल ही त्याचीच नावं. भारतातल्या हजारो कलाकारांच्या नोकऱ्या त्या झटक्यात टांगणीला लागल्या. परदेशातली ऑर्डर आली की चोवीस तास रेंडरिंग, नाही आली की बेंच. आयटीवाल्यांना हे वेगळं समजवायला नको. गोष्ट दुसऱ्याची असेल, तर ती कधी थांबवायची हेही दुसराच ठरवतो. तरीही भाच्याला ‘नको रे बाबा’ म्हणायला माझी जीभ रेटेना. एमआयडीसीत तरी कुठे सगळे पर्मनंट आहेत? मामा स्वतः कॉन्ट्रॅक्टवर आहे. त्या रात्री एवढंच ठरलं, की ड्रॉइंगचा क्लास पालघरला लावायचा आणि गणित सोडायचं नाही.

रीसेटचं बटण

या दुनियेचा समारोप २१ जुलै २०२१ला आलेल्या ‘राइज ऑफ द टायटन्स’ या फिल्ममध्ये होतो, आणि तिथे फॅन मंडळी जाम भडकली. (पुन्हा स्पॉयलर!) जिवलग मित्र टोबी मरतो, म्हणून जिम काळ मागे फिरवून थेट पहिल्या दिवसावर जातो आणि जादूचं ताईत टोबीला मिळू देतो. म्हणजे ८८ भागांतली मैत्री, प्रेम, लढाया, सगळं पुसलं! माझंही मत फॅन्सच्या बाजूनं. मित्रासाठी जग रीसेट करणं भावुक आहे, पण त्या जगातल्या बाकीच्यांना कुणी विचारलं?

यापेक्षा आपल्या जयंत नारळीकरांचं ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ कितीतरी हुशार. त्यात विश्वासरावांना गोळी लागत नाही, मराठे जिंकतात आणि प्राध्यापक गंगाधरपंत त्या वेगळ्या इतिहासात जाऊन पोचतात. नारळीकर काही पुसत नाहीत, दोन्ही जगं शेजारी शेजारी ठेवतात. पानिपताचं दुखणं आपल्याला इतकं खोल आहे, की १७६१ नंतर सदाशिवरावभाऊ म्हणून एक तोतया उभा राहिला तर लोक त्याच्याही मागे गेले. १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. आर्थर परत येईल म्हणून इंग्रज वाट बघत होते, आपण भाऊंची.

मामाला त्या रात्री विचारलं, टाइम मॅप मिळाला तर कुठे जाशील? तो म्हणाला, ‘लांब कशाला? तारापूरच्या किल्ल्यावर. जानेवारी १७३९.’ चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत तो किल्ला पोर्तुगीजांकडून घेताना बाजी भिवराव तिथे पडले. आज त्याच तारापुरात १९६९पासूनची अणुभट्टी आहे, आणि बोईसरहून रोज त्या वाटेनं शिफ्टच्या बस जातात. ‘नुसतं बघून येईन,’ तो म्हणाला, ‘ढवळणार नाही काही.’ भाचा लगेच म्हणाला, ‘मग जायचं कशाला?’ आणि वहीत किल्ला काढायला बसला. आर्चीला त्यानं बुरुजावर बसवलं.

बघायचा क्रम: आधी ‘ट्रोलहंटर्स’, मग ‘३बिलो’, मग ‘विझर्ड्स’. फिल्म सर्वांत शेवटी, आणि राग आवरता येत असेल तरच. तेवढा वेळ नसेल तर थेट ‘विझर्ड्स’ लावा, दहा भाग चार तासांत उरकतात. चर्चगेटहून डहाणू लोकलनं बोईसरला जाऊन परत येणाऱ्यांचे एका दिवसात होतील, फक्त बसायला जागा मिळाली पाहिजे.