बहिऱ्या मांजरांचे ऋण

अंगभर पांढरी आणि निळ्या डोळ्यांची मांजरे बहुधा बहिरी असतात, अशी नोंद चार्ल्स डार्विनने ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथात केली आहे. वाचताना ही केवळ गमतीची माहिती वाटते. पण जन्मतः बहिऱ्या मांजरांनीच पुढे जन्मतः बहिऱ्या बालकांविषयीचा एक मोठा प्रश्न सोडविण्यास हातभार लावला. मी कला शाखेचा विद्यार्थी. विज्ञानाशी माझा संबंध दहावीबरोबरच संपला. तरीही ही हकीकत सर्वांना ठाऊक असावी असे वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम कानाची रचना पाहू. कानाच्या अगदी आत गोगलगायीच्या शंखासारखी, सुमारे अडीच वेढ्यांची इवलीशी नळी असते. तिला कॉक्लिया म्हणतात. तिच्यातील सुमारे १५,००० केसपेशी ध्वनीच्या कंपनांचे विद्युत्-संदेशात रूपांतर करतात आणि श्रवणाची नस तो संदेश मेंदूकडे नेते. या पेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात पुन्हा निर्माण होत नाहीत. मग साध्या श्रवणयंत्राने आवाज कितीही मोठा केला तरी तो झेलणारेच कोणी उरत नाही. कॉक्लिअर इम्प्लांट या पेशींना वगळून थेट नसेलाच विजेने चेतविते. कानामागचे यंत्र आवाज टिपून बिनतारी संदेश त्वचेखाली पाठविते; तेथून निघालेली इलेक्ट्रोडची बारीक तार कॉक्लियात शिरलेली असते.

ऑस्ट्रेलियाचे डॉ. ग्रॅम क्लार्क यांचे वडील कानाने अधू होते. क्लार्क यांनी १९६० नंतरच्या दशकात सिडनीत मांजरांवर प्रयोग केले. एकाच इलेक्ट्रोडने विजेचे ठोके कितीही जलद दिले तरी एका मर्यादेपुढे मेंदूतील पेशी त्यांचा पाठलाग करू शकत नाहीत, असे त्यांना दिसले. बोलणे समजायचे तर कॉक्लियात वेगवेगळ्या जागी अनेक इलेक्ट्रोड हवेत, हा धडा त्यातून मिळाला. १९७८ साली मेलबर्न येथे त्यांनी अनेक इलेक्ट्रोडचे यंत्र प्रथम एका माणसाला बसविले.

पण जन्मतः बहिऱ्या मुलाला हे यंत्र कोणत्या वयात बसवावे? जर्मनीत फ्रँकफुर्ट येथे राइनर क्लिंके, आंद्रेय क्राल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्मतः बहिऱ्या पिल्लांना इम्प्लांट बसविले व आवाजाला प्रतिसाद देण्यास शिकविले. काही महिन्यांनी त्यांच्या मेंदूचा श्रवणाचा भाग यंत्र न बसविलेल्या बहिऱ्या मांजरांपेक्षा कितीतरी अधिक जागा झालेला आढळला. हे संशोधन १९९९ साली प्रसिद्ध झाले. यंत्र उशिरा बसविले तर हा लाभ घटत जातो, हेही पुढे दिसून आले. मुलांच्या बाबतीतही साडेतीन वर्षांच्या आत यंत्र बसले तर फायदा सर्वाधिक, सात वर्षांनंतर फार कमी, असे आढळले. थोडक्यात, ऐकण्याचे शिक्षण मेंदू घेतो, आणि त्या शाळेच्या प्रवेशाला वयाची अट आहे!

याची किंमत झाकून ठेवणे बरे नव्हे. मेंदूची अशी तपासणी कवटी उघडून करावी लागते. काही प्रयोगांत चांगल्या कानांची मांजरे औषध देऊन मुद्दाम बहिरी केली गेली. प्रयोगाअखेर प्राण्याला बहुधा मारले जाते. त्याची संमती कोणी विचारत नाही. १९५९ साली रसेल आणि बर्च यांनी सांगितले की, शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग शोधावा, प्राण्यांची संख्या कमी करावी आणि वेदना कमी कराव्यात. ही किमान माणुसकी आहे. मला स्वतःला हे प्रयोग सर्वस्वी चूक म्हणवत नाहीत. पण ‘नुसती मांजरेच ती’ असेही म्हणवत नाही.

ज्ञान इतक्या महागात मिळाले असेल, तर ते वाया घालविणे हा दुसरा अपराध होय. आपल्या घरांतून मूल बोलत नसले की, “याचा बापही उशिराच बोलला होता,” असे सांगून वडीलधारी मंडळी धीर देतात. त्या धीरात मोलाची वर्षे निघून जातात. नवजात बालकाच्या कानांची तपासणी ते झोपेत असताना काही मिनिटांत होते. केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेतून लहान बालकांना इम्प्लांटसाठी साहाय्य मिळते. मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ते काम पाहते. यंत्र बसले म्हणजे सारे झाले असेही नाही. पुढे शिकवणी आणि आईबापांचा चिकाटीचा सहवास लागतोच.

त्या मुक्या जिवांचे ऋण आपण फेडू शकणार नाही. निदान शेजारच्या घरी एखादे तान्हे टाळी वाजविल्यावर दचकत नसेल, तर “थांबा, बोलेल” असे न म्हणता “उद्याच डॉक्टरांना दाखवा” एवढे तरी आपण म्हणू शकतो.